मेणाला गेलेला तडा आणि त्याची नक्कल

हा लेख वाचायला बसण्याआधी एक काम करा. घरात 'बाटिक प्रिंट' म्हणून घेतलेलं काहीतरी असेलच. गाऊन, ओढणी, निदान उशीचा अभ्रा. ते घेऊन या, सोबत शिवणाचा टेपही आणा. कापडाच्या फिकट भागावर गडद, केसाएवढ्या बारीक रेघांचं जाळं दिसेल. त्यातला लक्षात राहील असा एखादा फाटा निवडा, म्हणजे एक रेघ जिथे दोन रेघांत फुटते ती जागा. आता टेप धरून कापडाच्या लांबीवर पुढे सरका. तोच फाटा, त्याच वळणाचा, पुन्हा सापडला तर अंतर लिहून ठेवा. पुष्कळदा ते ६४ सेंटिमीटर येईल, किंवा त्याचा निम्मा वा तिसरा हिस्सा. कारखान्यात कापड छापणाऱ्या गोल जाळीच्या रुळाचा घेर साधारणपणे ६४ सेंटिमीटर असतो. रूळ एक फेरी फिरला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मेण असं करत नाही. ते दोनदा सारखं तडकत नाही.

बाटिक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कापडावर वितळलेलं मेण लावायचं, ते निवलं की कापड रंगात बुडवायचं. मेणाखाली रंग पोहोचत नाही. नंतर गरम पाण्यात मेण काढून टाकलं की झाकलेली जागा मूळ रंगाची राहते. हाताळताना मेण कुठे तडकलं, तर त्या फटीतून रंग आत शिरतो आणि रेघ उमटते. ती रेघ कोणी काढलेली नसते, ती घडलेली असते. मेण किती जाड होतं, कापड कसं चुरगळलं, हवा गार होती की गरम, हे सगळं त्या रेघेत येऊन बसलेलं असतं. तुमच्या हातातल्या कापडावर बहुधा अशाच एखाद्या रेघेचं चित्र आहे. खरी रेघ पुरावा असते, छापलेली रेघ पुराव्याचा फोटो. दोन्ही अभ्यासाच्या गोष्टी आहेत, पण एकीला दुसरी समजून प्रबंधात वापरलं, तर कापडाचा काळ, जागा आणि करणारा हात, तिन्ही चुकतात.

हा फरक किती महागात पडतो याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. अजिंठ्याच्या चित्रांत कपड्यांवर पट्टे, ठिपके, हंसांच्या ओळी दिसतात. भारतात पंधराशे वर्षांपूर्वी कसलं कापड होतं हे सांगताना बरेच जण त्या चित्रांकडे बोट दाखवतात. दाखवावंही. पण चित्रात नक्षी दिसते, तंत्र दिसत नाही. तो पट्टा विणलेला आहे, बांधून रंगवलेला आहे की मेणाने अडवलेला, हे भिंतीवरचा रंग सांगू शकत नाही. याउलट इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तातसारख्या ठिकाणी सापडलेले कापडाचे तुकडे बघा. पर्सी न्यूबेरी या इंग्रज अभ्यासकाने जमवलेले बाराशेहून अधिक तुकडे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत आणि रूथ बार्न्स यांनी १९९७ मध्ये त्यांची सूची छापली. मुख्यतः गुजरातचा माल. दिसायला मळकट चिंध्या. पण रंग कुठे अडवला, ठसा कुठे जोडला, हे त्या चिंधीत धाग्याच्या पातळीवर वाचता येतं. अजिंठ्याचं सौंदर्य एकीकडे आणि ती चिंधी एकीकडे ठेवली, तर तंत्राच्या इतिहासासाठी मी डोळे झाकून चिंधी घेईन.

आता जवळ येऊ. बीड जिल्ह्याचा आणि बाटिकचा काय संबंध, हा प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसवर कोणीही विचारेल, आणि विचारायलाच हवा. सरळ संबंध नाही. निजामाच्या राज्यात असताना बीडची ओळख होती कातड्याच्या छागलीसाठी आणि गुप्तीसाठी. छागल म्हणजे पाणी गार ठेवणारी कातड्याची पिशवी, गुप्ती म्हणजे काठीत लपवलेलं पातं. कापडाची ख्याती शेजारी, पैठणची पैठणी आणि औरंगाबादचं हिमरू. पण मेणाचं तसं नाही. मेण घराघरात होतं. आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची छोटी डबी असायची. आधी कपाळावर मेणाचं बोट, त्यावर कोरडं कुंकू. मेणामुळे कुंकू दिवसभर धरून राहायचं.

इथे जरा थांबा, कारण गंमत आहे. कपाळावर मेण रंगाला धरून ठेवतं आणि कापडावर तेच मेण रंगाला दूर ठेवतं. कारण एकच. मेण चिकट आहे आणि त्याला पाणी लागत नाही. कुंकू कोरडी भुकटी आहे, ती चिकटते. कापडाचा रंग पाण्यात कालवलेला आहे, तो घसरतो. मेणकापडावरून पाऊस घसरतो तो याच गुणामुळे. हे ज्ञान फणेरपेटी उघडणाऱ्या प्रत्येक बाईला होतं, पण जुन्या गॅझेटियरच्या उद्योगांच्या याद्यांत ते सापडायचं नाही, कारण त्या याद्या बाजारात आलेल्या मालाच्या आहेत. कागदावर काय आलं याबरोबरच काय येणं शक्यच नव्हतं, याचीही एक यादी करत जा. मराठवाड्यावर काम करणाऱ्याला ती सवय लागतेच. १९४८ पर्यंतचा आपला कारभार हैदराबादकडे होता, बरीच दफ्तरं फारसी-उर्दूत आहेत आणि ती तिकडे आहेत.

मग जे कागदावर नाही ते कसं शोधायचं? एक रस्ता करून पाहण्याचा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पामेला स्मिथ यांनी २०१४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. सोळाव्या शतकातलं एक फ्रेंच हस्तलिखित घ्यायचं, त्यातल्या रंगांच्या, ओतकामाच्या, मेणाच्या कृती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करायच्या आणि मग मजकूर पुन्हा वाचायचा. करून पाहिल्यावर मजकुरातल्या ज्या ओळी आधी निरर्थक वाटत होत्या त्या बोलायला लागतात. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. एक जुनं पातेलं, त्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, आणि मेण. मेण थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही, पेट घेतं. पेटलंच तर त्यावर पाणी टाकायचं नाही, झाकण टाकायचं. ही सूचना मी जाणूनबुजून मधेच घातली आहे, म्हणजे कोणी ओलांडून पुढे जाणार नाही.

माझ्या प्रयोगात दोन मेणं आहेत. एक मधमाश्यांचं, जे साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि लवचीक असतं. दुसरं पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं, जे ठिसूळ असतं. दोन्ही सुती कापडावर लावून अंबाजोगाईच्या मे महिन्यात आणि डिसेंबरच्या पहाटे घडी घालून पाहिली. मे महिन्यात मधमाश्यांचं मेण लावलेलं कापड नुसतं लोळतं, तडा जायचं नावच नाही. डिसेंबरात पॅराफिन लावलेल्या कापडाला बोट टेकवलं तरी कोळ्याचं जाळं फुटतं. म्हणजे ज्या बारीक तड्यांना आपण आज बाटिकची ओळख समजतो, ते दाट जाळं मुख्यतः पॅराफिनचं आहे. आणि पॅराफिन ही जुनी वस्तू नाही. १८३० मध्ये ते वेगळं काढलं गेलं, खनिज तेलाच्या धंद्याबरोबर पुढच्या काही दशकांत स्वस्त झालं. त्यामुळे अठराव्या शतकातलं म्हणून दाखवलेल्या कापडावर दाट, ठिसूळ जाळं दिसलं, तर भुवई उंचावायला हरकत नाही.

अठराव्या शतकाचं नाव निघालंच आहे तर एक पत्र सांगते. गॅस्तों-लोराँ केर्दू हा फ्रेंच जेझुइट पाद्री दक्षिणेत, कर्नाटक मिशनमध्ये होता. १७४२ मध्ये त्याने फ्रान्सला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात चोळमंडलच्या किनाऱ्यावर कापड कसं रंगवतात याची पायरीपायरीने हकीकत आहे. माहिती त्याने ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून काढून घेतली होती. आधी कापडाला हिरडा आणि दूध, मग कोळशाच्या पुडीने नक्षी उतरवणं, मग लोखंडाचा काळा, तुरटी, आणि निळा द्यायच्या वेळी मेण. जिथे निळा नको तिथे मेण लावायचं आणि कापड उन्हात धरायचं, म्हणजे मेण पाझरून मागच्या बाजूलाही पोहोचतं.

हे ऊन मला करून पाहिल्याशिवाय कळलं नव्हतं. आपलं ऊन इथे हत्यार आहे. मेण एकाच बाजूने लागलं तर नीळ मागून शिरते. उन्हात ते पलीकडे उतरलं की दोन्ही बाजू बंद. खऱ्या बाटिकच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात त्या यामुळे. आणि मेण निळ्यासाठीच का, लालासाठी का नाही? लाल रंग तुरटीवर बसवायला कापड उकळावं लागतं, उकळीत मेण कुठलं टिकायला. नीळ मात्र कोमट किंवा गार कुंडात बसते. कुंडात ती पिवळट-हिरवी असते, कापड बाहेर काढून हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं. नीळ आणि मेण यांची जोडी रसायनाने जुळवलेली आहे. एवढं कळल्यावर जुनं निळं-पांढरं कापड हातात आलं की आपण ते वेगळ्या नजरेने बघतो.

केर्दूने कृती शब्दांत नेली. शंभर-सव्वाशे वर्षांनी कापडच नेलं गेलं. लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडांच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यात ७०० नमुने, खरे, कापून चिकटवलेले. असे २० संच. त्यातले १३ ब्रिटनमध्ये वाटले, ७ भारतात ठेवले. हेतू लपवलेला नव्हता. इथले लोक काय नेसतात हे तिकडच्या गिरण्यांना कळावं आणि त्यांनी तसं कापड करावं. नमुन्यासोबत ठिकाण आहे, लांबी-रुंदी आहे, वजन आहे. विणकराचं नाव नाही. आज त्यातले नमुने स्कॅन होऊन घरबसल्या बघता येतात, आणि कापडाच्या इतिहासावर काम करणाऱ्याने ते बघितलेच पाहिजेत. पण बघताना हे लक्षात असू द्या की हा संग्रह आपल्यासाठी जमवलेला नव्हता.

मेणाची यंत्रातली नक्कल याच सुमाराची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जावा बेट डचांच्या ताब्यात होतं आणि तिथलं हाताचं बाटिक महाग. हॉलंडमधल्या हार्लेमच्या प्रेव्हिनेर या कारखानदाराने यंत्राने कापडाच्या दोन्ही बाजूंना राळेचा थर छापण्याची युक्ती काढली. दोन्ही बाजूंना का, हे तुम्हाला आता सांगायला नको. पण राळ तडकायची आणि कापडावर रेघा उमटायच्या. जाव्यात कसलेला हात मेण तडकू देत नाही, तिथे तडा म्हणजे हलकं काम. तिथल्या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. पुढे त्याच शतकाच्या अखेरीला हाच माल पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानाच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथे त्याच रेघा लोकांना आवडल्या. हेल्मंड गावातली, १८४६ मध्ये सुरू झालेली व्ह्लिस्को कंपनी आजही आफ्रिकेसाठी हे कापड करते. एका बाजारात जो दोष, तो दुसऱ्या बाजारात अस्सलपणाची खूण.

इथे तुमच्या टेपच्या परीक्षेला एक पुरवणी जोडायला हवी. या डच कापडात नक्षी यंत्राची, पण राळ खरोखर मोडलेली असते. त्यामुळे फुलं ठरावीक अंतराने पुन्हा येतात, तडे मात्र येत नाहीत. म्हणजे परीक्षा दोनदा करायची, एकदा नक्षीची आणि एकदा तड्यांची. दोन्ही पुन्हा येत असतील तर छापील चित्र. नक्षी येते, तडे येत नाहीत, तर यंत्र आणि राळ. काहीच नेमकं जुळत नाही आणि उलट-सुलट बाजू सारख्या, तर हात आणि मेण असण्याची शक्यता मोठी. लाकडी किंवा तांब्याच्या ठशाने मेण लावतात तेव्हा नक्षी जवळजवळ जुळते, पण दोन ठशांच्या सांध्यात केसभर फरक राहतो. सांधे शोधायला शिका.

आपल्या मराठी घरांत 'बाटिक' हा जावाचा शब्द आला तो शांतिनिकेतनच्या वाटेने. रवींद्रनाथ १९२७ मध्ये जावाला गेले, सोबत सुरेंद्रनाथ कर होते. प्रतिमादेवींनी हे काम शांतिनिकेतनात रुजवलं आणि तिथून ते हस्तकलेच्या वर्गांत, प्रदर्शनांत पसरलं. त्याआधीपासून इथे मेण लावून रंगवलेलं कापड होतं, त्याला हे नाव नव्हतं, एवढंच. नावाचा इतिहास आणि तंत्राचा इतिहास वेगवेगळे चालतात. शोधनिबंधाचं शीर्षक ठरवताना यावर एक संध्याकाळ घालवा.

आता स्कॅनर. मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते याबद्दल. वितळलेलं मेण गार पाण्यात ओतलं की त्याचे आकार होतात. बारीक धारेने ओतलं तर मुळांसारखे, एकदम ओतलं तर फुलकोबीसारखे, भांडं फिरवत ओतलं तर पाकळ्यांसारखे. हे आकार सुकवून मी स्कॅनरच्या काचेवर ठेवते. काचेवर आधी पारदर्शक प्लास्टिकचा कागद, वरून काळं कापड. मेण अर्धपारदर्शक असल्यामुळे पांढऱ्या झाकणाखाली त्याचा आकारच हरवतो. स्कॅनर कुठला हेही महत्त्वाचं. हल्लीच्या पातळ, स्वस्त स्कॅनरला काचेला टेकलेलंच नीट दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर गेलं की धूसर. जुना जाडजूड स्कॅनर थोडी खोली पकडतो. झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात पडलेलं असं एखादं धूड असेल तर मालकाशी गोड बोला. ६०० डीपीआयला स्कॅन केलं तर छापताना आकार दुप्पट करूनही ३०० डीपीआय शिल्लक राहतात, कापडाला तेवढे पुरून उरतात.

वस्तू थेट काचेवर ठेवून तिची प्रतिमा घेणं काही आजचं नाही. ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ पासून समुद्रशैवाल निळ्या होणाऱ्या कागदावर ठेवून, उन्हात धरून, त्यांच्या छाया घेतल्या आणि त्यांचं पुस्तक केलं. स्कॅनर त्याच कुळातला.

याचा इतिहासाला काय उपयोग? मला दोन दिसतात. पहिला, मेण गोठताना स्वतःहून कुठले आकार घेतं हे डोळ्यांत बसतं, आणि मग जुन्या कापडावर कुठली रेघ मेणाची आणि कुठली माणसाची हे ओळखू यायला लागतं. दुसरा, आकार नव्या नक्षीसाठी वापरता येतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही, एका अटीवर. मेणाचा आकार मोठा करून, उघडपणे छापील म्हणून छापा. तड्यांचं जाळं स्कॅन करून, जोड लपवून, ते हाताचं म्हणून विकणं ही वेगळी गोष्ट. त्यात गिऱ्हाईक फसतं हे झालंच, पण हाताने काम करणाऱ्याच्या मालाची किंमत त्या छापील गाऊनच्या किमतीवर येऊन आदळते.

आणि हात चांगला, यंत्र वाईट, एवढं सोपं करून हा विषय मांडू नका, निदान बीडमध्ये बसून तरी. मेण काढायला कापड उकळावं लागतं, पुन्हा पुन्हा खळबळावं लागतं. पाणी लागतं, सरपण किंवा गॅस लागतो. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत उन्हाळे गेलेत तिथे 'हे काम गावोगाव सुरू करा' असं प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिणं सोपं आहे. डिजिटल छपाईला पाणी बरंच कमी लागतं, हे खरं आहे आणि ते लिहिलं पाहिजे. मी स्वतः मेणाचं पाणी गार करून वर आलेली पापडी काढून घेते आणि तेच पाणी पुढच्या उकळीला वापरते. तरी एका ओढणीला दोन बादल्या जातातच.

करून पाहणार असाल तर नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. मेण कुठलं, हवा कशी होती, कापड धुऊन घेतलं होतं का, रंगाची बुडी किती मिनिटांची. स्कॅनमध्ये कडेला मोजपट्टी येऊ द्या, नाहीतर वर्षभराने तो आकार बोटाएवढा होता की ताटाएवढा हे तुम्हालाच सांगता येणार नाही. आणि कापडाची उलट बाजूही स्कॅन करा. संग्रहालयांच्या वेबसाइटवर बहुतेकदा सुलट बाजूचाच फोटो असतो. उलट बाजू हवी असेल तर पत्र लिहून मागावी लागते. पत्रात वस्तूचा नोंदणी क्रमांक अचूक घाला आणि कशासाठी हवं ते दोन ओळींत सांगा.